सोंड्याचा चेहरा टिपायचाय? फोकस स्टॅकिंगचा घरगुती सेटअप, अगदी पहिल्यापासून

तांदळातला सोंडा असतो दोन-तीन मिलिमीटरचा. साध्या मॅक्रो लेन्सने १:१ ला (सेन्सरवर खऱ्या आकाराएवढंच चित्र) त्याचा फोटो काढला तर फ्रेमच्या मध्यात एक तपकिरी दाणा दिसतो, बाकी सगळी मोकळी जागा. चारपट मोठा केला की फ्रेम भरते, पण मग दुसरी पंचाईत, सोंडेचं टोक शार्प आलं तर डोळा धूसर, डोळा पकडला तर पाठीवरचे खड्डे गायब. कारण एवढ्या मॅग्निफिकेशनला फोकसमध्ये येणारा थर केसाच्या जाडीएवढाच असतो, ४एक्सच्या, म्हणजे चारपट मोठं दाखवणाऱ्या, साध्या मायक्रोस्कोप ऑब्जेक्टिव्हला (किड्याकडच्या भिंगाच्या नळीला) साधारण ५५ मायक्रॉन आणि १०एक्सला जेमतेम ९. (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर, आणि डोक्यावरचा केस ५० ते १०० मायक्रॉन जाड.)

यावर उपाय म्हणजे फोकस स्टॅकिंग. किडा थोडा थोडा पुढे सरकवत पंचवीस, पन्नास, शंभर फोटो काढायचे, प्रत्येकात एक पातळ चकती शार्प येते, मग सॉफ्टवेअर त्या सगळ्या चकत्या जुळवून एक अख्खा शार्प फोटो देतं.

इथे नवीन माणूस हमखास विचारतो, की अ‍ॅपर्चर बंद केलं तर थर जाड होईल ना, एफ/१६ ला काढूया की. होतो जाड, पण फोटो पार मऊ पडतो. लेन्सवर लिहिलेला एफ नंबर एवढ्या मॅग्निफिकेशनला खरा राहत नाही, त्याला मॅग्निफिकेशन अधिक एकने गुणायचं. म्हणजे ४एक्सला एफ/१६ ठेवलंत तर प्रत्यक्षात ते एफ/८० झालं, आणि तिथे डिफ्रॅक्शन (बारीक भोकातून जाताना प्रकाशाचं पसरणं) सगळे बारकावे खाऊन टाकतं. एफ/४ ठेवलं तर होतं एफ/२०, ते चालतं. त्यामुळे थर पातळच ठेवायचा आणि फोटो जास्त काढायचे, दुसरा रस्ता नाही.

बाजारात यासाठी मोटर लावलेल्या तयार रेल मिळतात, कॅमेरा वर ठेवायचा, बटण दाबायचं, ती सरकते. भारी असतात पण किंमत बघून माणूस छंद सोडतो. माझं म्हणणं असं आहे की कॅमेरा हलवायचाच कशाला? कॅमेरा, लेन्स, ट्यूब धरून किलोभर वजन, आणि किडा टाचणीसकट एक ग्रॅमसुद्धा नाही. कॅमेरा फरशीला खिळवून टाकायचा आणि किडा सरकवायचा. एवढं ठरवलं की सगळं यंत्र हलकं, छोटं आणि स्वस्त होतं, कारण एक ग्रॅम वजन १० मायक्रॉन सरकवायला साधा बोल्ट पुरतो. लेख वाचताना एवढीच गोष्ट धरून ठेवा, बाकीचे सगळे तपशील यातूनच निघतात.

आधी बूड

सेटअपचं बूड जड आणि सपाट पाहिजे. स्वयंपाकघराचा ओटा करताना सिंकसाठी कापून काढलेला ग्रॅनाइटचा तुकडा सगळ्यात भारी, फरशीच्या दुकानात मागे ढीग पडलेला असतो आणि बऱ्याचदा चहापाण्यात देतात. कडप्पा पण चालेल. दीड-दोन फूट लांब, आठ-नऊ इंच रुंद पुरे. त्याखाली चार कोपऱ्यांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घडी करून ठेवायचे, म्हणजे टेबलाची थरथर वर येत नाही. टेबल भिंतीला चिकटून असेल तर सरकवून घ्या, भिंतीतून पण थरथर येते, खालून ट्रक किंवा पीएमपीची बस गेली की लाइव्ह व्ह्यूमध्ये किडा नाचताना दिसतो. पंखा बंद. फ्रिज त्याच भिंतीला असेल तर तो थांबेपर्यंत थांबायचं.

कॅमेरा बसवायला लाकडाचा ठोकळा घ्या, सुताराकडून सागाचा किंवा जाड प्लायचे तीन तुकडे चिकटवून, आणि त्याला मधोमध आरपार भोक पाडून खालून बोल्ट. ट्रायपॉडचा स्क्रू म्हणजे पाव इंची, इंचाला वीस आटे. हार्डवेअरच्या दुकानात 'दोन सुती बोल्ट' म्हणून मागा, मिळेल. कॅमेऱ्याच्या बुडात तो किती आत जातो ते आधी हाताने फिरवून बघा, जास्त लांब बोल्ट जोर लावून पिळला तर आतलं सॉकेट फुटतं, तिथे वॉशर घालून लांबी कमी करायची. ठोकळा ग्रॅनाइटला एरल्डाइटने चिकटवा, रात्रभर ठेवा. फेव्हिक्विक नको, ते कडक होऊन एका धक्क्यात सुटतं.

लेन्सचं काय

इथे दोन स्वस्त रस्ते आहेत.

पहिला, घरात असलेली लेन्स उलटी लावणं. रिव्हर्स रिंग लेन्सच्या फिल्टरच्या आट्यात बसते, ५२ किंवा ५८ मिमी जे तुमच्या लेन्सवर लिहिलंय ते बघून घ्या, दोन-तीनशे रुपयांच्या आसपास मिळते. ५० मिमी लेन्स उलटी लावली की साधारण १:१ च्या जवळ जातं, २८ मिमी उलटी लावली की दोनपटीच्या वर, आणि १८-५५ किट लेन्स १८ ला ठेवून उलटी केली तर तीन-चारपट. फोकल लेंग्थ जितकी कमी तितकं मोठं, सरळ लेन्सच्या बरोबर उलटा हिशोब. अ‍ॅपर्चरची रिंग असलेली जुनी मॅन्युअल लेन्स असेल तर उत्तम. कॅननच्या नव्या लेन्सला रिंग नसते, तिथे युक्ती अशी की लेन्स सरळ लावून एफ/५.६ ठेवायचं, डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं बटण दाबून धरायचं आणि ते धरूनच लेन्स काढायची, पाती तशीच अर्धी बंद राहतात.

दुसरा रस्ता मला जास्त आवडतो, मायक्रोस्कोपची ऑब्जेक्टिव्ह. शाळा-कॉलेजातल्या मायक्रोस्कोपला जी ४एक्स आणि १०एक्सची बोटभर नळी असते तीच. आपल्याकडचे विद्यार्थी मायक्रोस्कोप बरेचसे अंबाल्याहून येतात, त्यांची ४एक्स ऑब्जेक्टिव्ह सुटी मिळते, लॅबचं सामान पुरवणाऱ्या दुकानात विचारा, काही दुकानदार जुनी काढून देतात. पुण्यात असाल तर बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात एक चक्कर मारा, अख्खा मायक्रोस्कोप भंगारात मिळाला तर सोडू नका, त्याचं फोकसचं नॉब पण पुढे कामाला येणार आहे. घेताना भिंग उजेडाकडे धरून बघा, आत बुरशीचे धागे दिसले तर ठेवून द्या, पावसाळी हवेत पडून राहिलेल्या मालाला हा रोग फार.

ऑब्जेक्टिव्हवर आकडे असतात ते वाचायला शिका. '४/०.१०' म्हणजे चारपट आणि, भिंग किती रुंद कोनातून प्रकाश घेतं ते सांगणारं, न्यूमेरिकल अ‍ॅपर्चर ०.१०. खाली '१६०/०.१७' किंवा '१६०/-' असेल तर ती १६० मिमी ट्यूबसाठी बनवलेली आहे, तीच आपल्याला पाहिजे. १६० च्या जागी आडवा आठ म्हणजे इन्फिनिटीचं चिन्ह असेल तर ती थेट चालत नाही, तिच्या मागे २०० मिमीच्या आसपासची टेलिफोटो लेन्स लावावी लागते. ०.१७ म्हणजे कव्हर स्लिपची (स्लाइडवर ठेवायच्या पातळ काचेची) मिमीतली जाडी, ४एक्स आणि १०एक्सला ती नसली तरी फारसा फरक पडत नाही.

१६० वाली ऑब्जेक्टिव्ह तिच्या खांद्यापासून, म्हणजे आटे जिथे संपून धातूचा काठ टेकतो तिथून, १५० मिमीवर चित्र उमटवते. तिथे सेन्सर आला पाहिजे. कॅननच्या ईएफ माउंटला माउंटपासून सेन्सरपर्यंत ४४ मिमी असतात, म्हणजे आपल्याला मध्ये १०६ मिमीची नळी हवी. निकॉन एफला हेच अंतर ४६.५, तर नळी अडीच मिमी बाद १०४ च्या आसपास. सोनी ई वगैरे मिररलेसला १८, तिथे नळी चांगली १३२ मिमी लागते. पाच-सात मिमी इकडेतिकडे झालं तर ४एक्सला काही बिघडत नाही.

नळी दोन प्रकारे होते. विकतची म्हणजे एम४२ च्या एक्स्टेन्शन ट्यूबचे दोन-तीन संच एकावर एक, एका टोकाला तुमच्या कॅमेऱ्याचा एम४२ अ‍ॅडाप्टर आणि दुसऱ्या टोकाला आरएमएस ते एम४२ अशी चकती. आरएमएस म्हणजे ऑब्जेक्टिव्हच्या आट्याचं नाव, २०.३२ मिमी. ऑर्डर करताना एक सांभाळा, एम४२ मध्ये एक मिमी पिचचे (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर) आटे असतात आणि टी२ नावाने मिळतात ते ०.७५ चे, दिसायला जुळे, एकमेकांत एक-दोन फेरे जातात आणि मग अडकून बसतात.

घरगुती प्रकार म्हणजे प्लंबिंगचा पीव्हीसी पाइप. कॅमेऱ्याच्या दोन प्लास्टिक बॉडी कॅप घ्या, एकीला मोठं भोक पाडून ती कॅमेऱ्याच्या बाजूला, दुसरीला बरोबर २० मिमीचं भोक पाडून पुढच्या बाजूला, आणि मध्ये पाइप एरल्डाइटने. २० मिमीच्या भोकात २०.३२ ची ऑब्जेक्टिव्ह हळूहळू पिळत घातली की प्लास्टिकमध्ये ती स्वतःचे आटे पाडून घेते आणि घट्ट बसते. पाइप कापताना काटकोनात कापा, नाहीतर फोटोची एक बाजू कायम आऊट राहील. आणि आतून काळी मखमल किंवा काळा क्राफ्ट पेपर लावाच, पांढऱ्या पाइपच्या आतल्या भिंतीवरून प्रकाश उसळतो आणि फोटो दुधाळ येतो. काळा ऑइलपेंट पुरत नाही, तिरक्या उजेडात तो चकाकतो.

मॅग्निफिकेशन नक्की किती झालं ते बघायला स्टीलच्या पट्टीचा फोटो काढा. कॅननचा एपीएस-सी (फुल फ्रेमहून लहान) सेन्सर साधारण २२.३ मिमी रुंद, त्यात पट्टीचे ५.६ मिमी दिसले तर झालं ४एक्स. सोंडा यात मजेत बसतो. १०एक्सला दिसतात फक्त २.२ मिमी, तिथे नुसतं डोकं.

किडा सरकवायचं यंत्र

हा खरा गाभा. भंगारातला मायक्रोस्कोप मिळाला असेल तर अर्धं काम झालंच म्हणायचं. त्याचा फोकसचा भाग सोडवून आडवा बसवायचा आणि नळी किंवा स्टेज जिथे हलते तिथे किडा. बारीक फोकसच्या नॉबला एका फेऱ्यात किती सरकतं ते मॉडेलप्रमाणे बदलतं, म्हणून मोजा. दहा पूर्ण फेरे फिरवून व्हर्नियर कॅलिपरने अंतर घ्या आणि दहाने भागा. दोन मिमी आलं तर एका फेऱ्याला ०.२ मिमी म्हणजे २०० मायक्रॉन. ४एक्सला ४० मायक्रॉनची पायरी (दोन फोटोंमध्ये किडा सरकवायचं अंतर) हवी असेल तर फेऱ्याचा पाचवा हिस्सा, झालं.

मायक्रोस्कोप नाही मिळाला तर असं करा. थ्रीडी प्रिंटरमध्ये वापरतात ती एमजीएन१२ नावाची छोटी लिनिअर रेल आणि तिच्यावरचा सरकता ठोकळा, १०० किंवा १५० मिमीचा तुकडा ऑनलाइन मिळतो. ड्रॉवरचं टेलिस्कोपिक चॅनल पण वापरतात लोक, पण त्यात आडवा प्ले (ढिलाई) असतो, ४एक्सपुरतं निभावतं, १०एक्सला नाही. रेल लाकडाच्या पट्टीवर स्क्रूने बसवायची आणि पट्टी कॅमेऱ्याच्या समोर, रेलची दिशा आणि लेन्सची दिशा एका रेषेत. तिरकी बसली तर किडा सरकताना फ्रेममध्ये बाजूला पळतो, थोडं पळणं सॉफ्टवेअर सांभाळून घेतं पण जास्त पळाला तर कडा वाया जातात.

आता ठोकळ्याला मागून ढकलायला एम६ चा लांब बोल्ट. एम६ चं पिच बरोबर एक मिमी, म्हणजे एका फेऱ्याला १००० मायक्रॉन, हिशोबाला सोपं. एम८ घेऊ नका, त्याचं पिच १.२५, उगाच डोक्याला ताप. बोल्ट ज्या नटमधून जातो तो नट रेलच्या मागे उभ्या पट्टीत घट्ट बसवा, आणि एक नट पुरत नाही, दोन नट दीड-दोन सेंटिमीटर अंतरावर, म्हणजे बोल्ट डुगडुगत नाही. बोल्टच्या टोकाला सायकलच्या बेअरिंगचा एक छर्रा एरल्डाइटने चिकटवायचा आणि ठोकळ्यावर जिथे तो टेकणार तिथे काचेचा तुकडा किंवा ब्लेडचा सपाट भाग. छर्रा नसेल तर बोल्टचं खडबडीत टोक फिरता फिरता ठोकळ्याला आडवं ओढतं आणि प्रत्येक फेऱ्याला किडा गोल झुलतो. छऱ्यामुळे फक्त एका बिंदूवर टेकतं, सरळ ढकलतं.

ठोकळा बोल्टकडे ओढून धरायला रबर बँड किंवा पेनातली स्प्रिंग, दोन्ही बाजूंना एकेक. यामुळे आट्यातला सगळा प्ले एकाच बाजूला दाबून राहतो.

बोल्टच्या डोक्यावर एक जुनी सीडी बसवा, तिचं मधलं भोक १५ मिमीचं असतं, मोठा वॉशर लावून मध्यभागी चिकटवा. सीडीच्या कडेला कागदाची गोल पट्टी, तिच्यावर शंभर समान खुणा. अकरावीच्या फिजिक्स प्रॅक्टिकलमधला स्क्रू गेज आठवतोय का, पिच भागिले डिव्हिजन बरोबर लीस्ट काउंट? हा तोच. एक मिमी भागिले शंभर, म्हणजे एक खूण १० मायक्रॉन. सीडीचा घेर साधारण ३७७ मिमी, म्हणजे दोन खुणांमध्ये पावणेचार मिलिमीटर जागा मिळते, त्यामुळे पाव खूण सुद्धा डोळ्यांनी अंदाजे धरता येते. दोन मिलिमीटरच्या किड्यासाठी अडीच मायक्रॉन, तेही भंगारातल्या सीडीवर! शेजारी खिळ्याचं एक टोक उभं करा, काटा म्हणून. सीडीला हात लावला की बूड थरथरतं, म्हणून फिरवल्यावर दोन-तीन सेकंद थांबूनच फोटो.

मुंबईकरांना हे सगळं सामान, रेल सोडून, नागदेवी स्ट्रीटला एका फेरीत मिळेल. गावाकडे असाल तर सायकलवाला आणि हार्डवेअरवाला, दोघांत काम होतं.

किडा टाचणीवर आणि टाचणी बाटलीच्या बुचात किंवा थर्माकोलच्या तुकड्यात, तो तुकडा ठोकळ्यावर. मुलांच्या खेळण्यातली क्ले वापरायचा मोह होतो कारण हवा तसा कोन देता येतो, पण क्ले स्वतःच्या वजनाने हळूहळू बसत राहते, डोळ्यांना दिसत नाही पण पन्नास फोटोंत किडा मान खाली घालतो. वापरलीच तर अर्धा तास बसू द्या आणि मगच सुरू करा.

प्रकाश

यंत्रावर लोक जीव टाकतात आणि प्रकाशाला विसरतात. सोंडा काळसर चकचकीत असतो, पाठीवर सगळीकडे खड्डे, थेट उजेड टाकला की प्रत्येक खड्ड्याच्या कडेला पांढरा ठिपका जळतो आणि ते पन्नास फोटो एकत्र केल्यावर आणखी वाईट दिसतात. म्हणून प्रकाश पसरवायचा. टेबल टेनिसचा बॉल अर्धा कापा, एका बाजूला ऑब्जेक्टिव्ह जाईल एवढं भोक, आणि तो किड्यावर टोपीसारखा. किंवा बटर पेपरची नळी करून ऑब्जेक्टिव्हच्या टोकावर चढवायची, किडा त्या नळीच्या आत. नळी किड्याच्या जितकी जवळ तितका प्रकाश मऊ.

फ्लॅश असेल तर फ्लॅशच वापरा, मॅन्युअलवर १/१६ किंवा १/३२ पॉवर. त्याची चमक सेकंदाच्या हजारो भागांतल्या एका भागाएवढी छोटी असते त्यामुळे थरथर गोठून जाते, खालून बस गेली तरी चालतं. पॉवर कमी ठेवायचं दुसरं कारण म्हणजे सेल, फुल पॉवरला शंभर फोटो कुठलाच फ्लॅश दमाने मारत नाही, मध्येच एखादा अर्धवट पेटतो आणि ती एक फ्रेम काळी येते. कॅननवाल्यांनी एक लक्षात ठेवा, लाइव्ह व्ह्यूमध्ये सायलेंट शूटिंग चालू असेल तर दुसऱ्या कंपनीचा फ्लॅश पेटत नाही, ते आधी बंद करा.

फ्लॅश नाही तर एलईडी. विजेवर चालणारा स्वस्त बल्ब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो, आपली लाइन ५० हर्ट्झची आहे ना, त्याने फ्रेमगणिक उजेड बदलू शकतो. यूएसबीवर चालणारे दोन छोटे दिवे पॉवर बँकेला लावा. काही पॉवर बँका एवढा कमी लोड बघून आपोआप बंद होतात, अशी असेल तर मोबाइलचा चार्जर. एलईडीला शटर मोठा ठेवावा लागतो, अर्धा-एक सेकंद, तिथे मात्र बूड स्थिर पाहिजेच आणि डीएसएलआर असेल तर मिरर लॉकअप (आरसा आधीच वर उचलून ठेवणं) किंवा लाइव्ह व्ह्यू, वर इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन (शटरचा पहिला पडदा न हलवता फोटो सुरू होणं) असेल तर तो चालू.

किडा आणि त्याची अंघोळ

जिवंत किडा या खेळात चालत नाही, आणि मारायची गरजही नाही. तांदळाच्या डब्याच्या तळाशी मेलेले सोंडे सापडतातच, पहिल्या पावसानंतर ट्यूबलाइटखाली आणि खिडकीच्या चौकटीत तर बाजार भरलेला असतो. एवढ्या मॅग्निफिकेशनला पिठाचा कण धोंड्यासारखा दिसतो, त्यामुळे आधी साफसफाई. बाटलीच्या झाकणात मेडिकलमधलं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, किडा त्यात दहा-पंधरा मिनिटं, मग झिरो नंबरच्या ब्रशने हलक्या हाताने, पुन्हा स्वच्छ अल्कोहोल, आणि टिश्यूवर सुकवायचा. नुकताच मेलेला किडा असेल तर एक दिवस तसाच ठेवा, ओला किडा सुकता सुकता मिशा हलवतो आणि स्टॅकमध्ये दोन दोन मिशा दिसतात. टाचणीच्या टोकावर फेविकॉलचा बारीक थेंब, त्यावर पोटाकडून किडा. मागे चार-पाच सेंटिमीटरवर रंगीत कार्डपेपर.

पहिला स्टॅक बाजूने काढा. समोरून काढला तर सोंडेच्या टोकापासून पाठीपर्यंत तीन मिमी खोली, ४० मायक्रॉनच्या पायरीने पंचाहत्तर फोटो. बाजूने एक मिमीच्या आत-बाहेर, म्हणजे पंचवीस-तीस फोटोंत काम तमाम.

फोटो काढताना

कॅमेऱ्यात सगळं मॅन्युअल. एक्स्पोजर, आयएसओ १००, व्हाइट बॅलन्स सुद्धा ऑटोवर नको. लाइव्ह व्ह्यू पूर्ण झूम करून किड्याचा सगळ्यात जवळचा भाग शोधा, मग सीडी उलटी फिरवून त्याच्याही थोडं अलीकडे जा आणि तिथून सुरुवात. सुरू केल्यावर दिशा बदलायची नाही, एकदा पुढे म्हणजे पुढेच, मध्ये पायरी चुकली असं वाटलं तरी मागे फिरवू नका, स्प्रिंग असली तरी आट्यात थोडा प्ले उरतोच. शंका आली तर एक फोटो जास्तीचा काढा, जास्त फोटोंनी काही बिघडत नाही, पण मधली एक चकती राहिली तर फोटोवर आडवा धूसर पट्टा कायमचा. शेवटचा भाग शार्प होऊन पुन्हा धूसर झाला की थांबायचं.

पायरी किती? ४एक्स ०.१० ला ४० मायक्रॉन म्हणजे सीडीच्या चार खुणा. १०एक्स ०.२५ ला ६-७ मायक्रॉन, म्हणजे पाऊण खुणेपेक्षा किंचित कमी. उलट्या लेन्सला तीनपटीवर एफ/५.६ वर ९०-१०० मायक्रॉनने सुरुवात करून बघा. पट्ट्या दिसल्या तर कमी करा.

रिमोट नसेल तर दोन सेकंदांचा टायमर. बटण बोटाने दाबू नका.

सेन्सरवरची धूळ एरवी आकाशाच्या फोटोतच दिसते, पण स्टॅकमध्ये सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेम थोडी लहान-मोठी करून जुळवतं आणि तो एक कण पन्नास ठिकाणी उमटून त्याची रेघ होते. सुरू करायच्या आधी ब्लोअर मारा.

जोडणी

पैसे न घालवता करायचं असेल तर पिकोले हे विंडोजवरचं छोटं सॉफ्टवेअर फुकट आहे, जुनं कंबाइनझेडपी पण फुकटच. लिनक्सवाल्यांना हगिन या फोटो जोडायच्या सॉफ्टवेअरसोबत येणारं अलाइन इमेज स्टॅक आणि एनफ्यूज, तिथे एनफ्यूजला एक्स्पोजर वेट शून्य, सॅच्युरेशन वेट शून्य, कॉन्ट्रास्ट वेट एक आणि हार्ड मास्क चालू एवढं सांगितलं की झालं. विकतमध्ये हेलिकॉन फोकस आणि झीरीन स्टॅकर, दोन्हींची तीस दिवसांची ट्रायल मिळते, आधी घरगुती यंत्र तयार करा, किडे साफ करून ठेवा आणि मगच ट्रायल सुरू करा, नाहीतर एरल्डाइट सुकेपर्यंत चार दिवस फुकट.

झीरीनमध्ये दोन पद्धती असतात. पीमॅक्स केसाळ, एकमेकांवरून जाणाऱ्या मिशा-पायांसाठी चांगली पण नॉइज आणि कॉन्ट्रास्ट वाढवते. डीमॅप सपाट पाठीसाठी, रंग खरे ठेवते पण मिशीच्या कडेला धुरकट वलय सोडते. बरेच जण दोन्ही काढतात आणि डीमॅपच्या फोटोवर फक्त मिशा पीमॅक्समधून रंगवून घेतात. आपल्या सोंड्याला डीमॅप आधी, सोंडेपाशी पीमॅक्स. सुरुवातीला जेपेगच टाका, १६ बिटच्या टिफ फाइल टाकल्या की जुना लॅपटॉप घाम गाळतो.

हात दुखायला लागला की मोटर

हाताने दोन-चार स्टॅक जमल्याशिवाय मोटरकडे जाऊ नका, कारण यंत्रात प्ले असेल तर मोटर तो लपवते, घालवत नाही. जमलं की मग २८बीवायजे-४८ नावाची पाच व्होल्टची स्टेपर (मोजून पायरी-पायरीने फिरणारी) मोटर घ्या, यूएलएन२००३ ड्रायव्हर बोर्डसकट दोनशे रुपयांच्या आसपास, लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत विचारा. सोबत एक अर्डुइनो, म्हणजे प्रोग्रॅम घालून मोटर चालवायचा छोटा बोर्ड. या मोटरच्या पोटात गिअर असतात, एका फेऱ्याला साधारण २०४८ पायऱ्या. एम६ बोल्टला जोडली की एक पायरी म्हणजे अर्धा मायक्रॉन. ४० मायक्रॉनला ८२ पायऱ्या, ७ मायक्रॉनला १४.

सीडी काढून तिथे मोटरचा दांडा आणि बोल्ट जोडायला गाडीच्या पेट्रोलच्या पाइपचा तुकडा, दोन्ही टोकांना बारीक क्लिप. बोल्ट फिरता फिरता पुढे जातो हे विसरू नका, म्हणून मोटर घट्ट बसवायची नाही, गुळगुळीत पट्टीवर नुसती ठेवायची आणि तिचे दोन कान खिळ्यांमध्ये अडकवायचे, म्हणजे ती गोल फिरत नाही पण बोल्टमागे पुढे सरकते. प्रोग्रॅममध्ये अर्डुइनोची स्टेपर लायब्ररी वापरत असाल तर पिनांचा क्रम ८, १०, ९, ११ असा द्यायचा, सरळ ८, ९, १०, ११ दिला तर मोटर जागेवर गुरगुरत बसते. वेग मिनिटाला दहा फेऱ्यांच्या वर नको. कॅनन असेल तर २.५ मिमी जॅकचा रिमोट चालतो का ते मॅन्युअलमध्ये बघा, चालत असेल तर पीसी८१७ ऑप्टोकप्लर (वायर थेट न जोडता उजेडाने सिग्नल पोचवणारा छोटा सुटा भाग) मध्ये घालून अर्डुइनोच शटर दाबतो: पायऱ्या टाक, तीन सेकंद थांब, फोटो, पुन्हा पायऱ्या. अर्डुइनोची वायर थेट कॅमेऱ्याला लावू नका, ऑप्टोकप्लर दहा-वीस रुपयांचा असतो.

४एक्स नीट बसलं की १०एक्स लावून बघा. तिथे किडा काचेपासून पाच-सात मिमीवर येतो, प्रकाश आत शिरवणं हेच मोठं काम होतं, बटर पेपरची नळी कापून छोटी करावी लागते. आणि मायक्रोस्कोपच्या डब्यात ती ४०एक्स पण असतेच, ती लावायचा मोह सगळ्यांना होतो. तिचा थर सव्वा मायक्रॉनच्या आसपास, काच किड्यापासून एक मिलिमीटरसुद्धा लांब राहत नाही, आणि ०.१७ ची कव्हर स्लिप नसेल तर चित्र धुकट येतं. ती डब्यातच राहू द्या, किंवा भावंडांत कुणी बायोलॉजीला असेल तर देऊन टाका.